शनवार तेलीण

झाडावरून उतरवलेलं ऑलिव्ह तसंच तोंडात घालायचं नसतं, हे मी दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी कुणीतरी घालायचंच. कडू तरी किती! कारलं त्याच्यापुढे गोड. चार वर्षांच्या पोराचं तोंड असं काही वाकडं होतं की ते बघून बाकीच्यांनाही राहवत नाही, आणि पाच मिनिटांत बेसिनपाशी थुंकणाऱ्यांची रांग लागते. मी टॉवेल घेऊन उभी. सायातचं कामच ते.

सायात म्हणजे मदतनीस. इस्रायलमध्ये बालवाडीला ‘गान’ म्हणतात. आपल्या कानाला गाणं ऐकू येतं, पण इव्रीत, म्हणजे हिब्रू भाषेत त्याचा अर्थ बाग. मी कामाला लागले तेव्हा एका बागेत एक गन्नेनेत, म्हणजे शिकवणारी बाई, एक सायात आणि पस्तीसपर्यंत पोरं. गन्नेनेत गोष्ट सांगते, गाणी घेते, आईबापांशी बोलते. सायात नाकं पुसते, चड्ड्या बदलते, काकड्या चिरते, गोंदाच्या वाट्या भरते आणि पोरांनी अर्धवट कापलेलं पुरतं कापून देते. लोद शहरातल्या तीन बालवाड्यांत मिळून हे काम मी 1989 पासून 2022 पर्यंत केलं. पोरं मला नावानेच हाक मारायची, इथे तशीच रीत. ठाण्यात आईच्या वयाच्या बाईला एखाद्या पोराने नुसत्या नावाने बोलावलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता. पहिलं वर्षभर मी प्रत्येक हाकेला दचकायचे.

गानचं वर्ष सणांच्या दोरीवर वाळत घातलेलं असतं. सप्टेंबरात पोरं आली की लगेच रोश हशाना, सफरचंद आणि मध. मग सुक्कोत, अंगणात झावळ्यांचा मांडव. मग पावसाळ्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, हनुका. पुढे झाडांचा तू बिश्वात, सोंगांचा पुरीम, पेसाह, शावुओत. एक सण आवरून भिंतीवरचे कागद खाली काढतो न काढतो तोवर दुसऱ्याच्या कागदांची खोकी उघडलेली असतात. त्यातला एकच सण मी माझा म्हणून शिकवला, आणि गंमत अशी की तोच आमच्या पूर्वजांना ठाऊक नव्हता.

आम्ही बेने इस्रायली. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात बायका आणि सात पुरुष वाचले, त्यांची आम्ही लेकरं, ही गोष्ट अलिबाग-पेण-रोह्याकडचा प्रत्येक बेने इस्रायली सांगतो. कोकणातल्या गावोगावी आम्ही तेलाचे घाणे चालवायचो आणि शनिवारी बैल सोडून बसायचो, म्हणून लोक आम्हाला ‘शनवार तेली’ म्हणत. शेकडो वर्षं बाकीच्या ज्यू जगाशी संबंध तुटलेला. तरी सण होते, फक्त त्यांची नावं मराठी झाली होती: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. हाईम शमुएल केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो 1897 मध्ये लिहून झाला आणि छापून निघाला 1937 मध्ये, तोही तेल अवीवला. त्यात हे सगळे सण आहेत. जुन्या यादीत हनुका मात्र नाही. तो आमच्याकडे पुढे आला, बाहेरच्या ज्यूंशी गाठ पडल्यावर. माझ्या लहानपणी ठाण्याच्या मशिदीत (सिनेगॉगला आमच्यात मशीदच म्हणतात) तो रीतसर साजरा व्हायचा. पण आजीच्या तोंडी त्याला दारफळणीसारखं घरचं नाव कधी आलं नाही.

का नव्हता, याचं समाजात एक उत्तर आहे. हनुकाची हकीकत इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. ग्रीक राजा अंतिओखस याने यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट केलं, मक्काबी घराण्याने बंड केलं आणि इसवीसनपूर्व 164 मध्ये मंदिर परत मिळवून दिवा लावला. केहिमकरांचं म्हणणं असं की आपले लोक त्याच राजाच्या काळात, 175 च्या सुमारास, देश सोडून निघाले. म्हणजे जे मागे राहिले ते लढले, त्यांना सण मिळाला. आम्ही जहाजात बसलो, आम्हाला घाणा मिळाला. इतिहासकारांना हे कितपत पटतं तो भाग वेगळा. मला ही गोष्ट आवडते, कारण दोन्हीकडे तेल आहे.

पण पहिल्या वर्षी मला यातलं काहीच सुचलं नव्हतं. तेव्हाच्या गन्नेनेतने संडासातल्या कागदाच्या रिकाम्या नळ्या गोळा करायला सांगितल्या. प्रत्येक पोराला नऊ, आठ दिव्यांच्या आठ आणि बाकीचे दिवे ज्याने पेटवायचे त्या शमाशची एक. नळ्यांना सोनेरी रंग, काळ्या पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवायच्या, वर पिवळ्या कागदाची ज्योत, मग चमकी. ही चमकी कुणी शोधून काढली कोण जाणे. हनुकात सांडलेली पेसाहपर्यंत फरशीच्या सांध्यांतून निघत राहते. आईबापांच्या समारंभात बत्तीस हनुकिया, म्हणजे हनुकाच्या समया, एका ओळीत मांडायच्या होत्या, सारख्या दिसायला हव्या होत्या. चार वर्षांच्या हातांना सारखं काही जमत नाही. म्हणून पोरं गेली की मी बसायचे. वाकडी नळी सोलून सरळ लावायची, शमाश बरोबर मधे आणायचा, सांडलेला रंग पुसायचा. एका मुलाने नऊच्या नऊ नळ्या कोपऱ्यात एकमेकींना टेकवून चिकटवल्या होत्या. विचारलं तर म्हणाला, दिवे गप्पा मारतायत. संध्याकाळी मी त्या सोडवल्या आणि ओळीत लावल्या. समारंभाच्या दिवशी त्याला त्याची हनुकिया ओळखताच आली नाही. दुसऱ्याची उचलून घरी घेऊन गेला. त्याच्या आईला ती फार आवडली.

त्या मुलाची आता दाढी पिकायला लागली असेल. मला त्या नळ्या अजून टोचतात.

पुढे काही वर्षांनी दुसऱ्या बालवाडीत एक तरुण गन्नेनेत आली. तिला अंगणाचं वेड. इथल्या बालवाड्यांच्या अंगणात एक भंगाराचा कोपरा असतो: जुनी पातेली, टायर, फळ्या, तुटलेली स्टेअरिंग, बिघडलेले टेलिफोन. सदे एलियाहू किबुत्समध्ये, म्हणजे सामुदायिक वसाहतीत, मलका हास नावाच्या बाईंनी हे अंगण रुजवलं. पोरांना खेळण्यातली भांडी कशाला, खरी द्या. ज्याचं वजन खरं लागतं, ज्याचा आवाज खरा येतो, त्यातून पोर शिकतं, असा त्यांचा विचार. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं म्युनिसिपालिटीची गाडी आली नाही. आमची ही नवी बाई या कोपऱ्यावर जीव टाकायची. नोव्हेंबरात एकदा ती म्हणाली, हनुका तेलाचा सण, आणि पोरांना वाटतं तेल सुपरमार्केटच्या फळीवर उगवतं. आपण काढू या का?

माझ्या तोंडून निघून गेलं, मी तेलीण आहे.

तिने माझ्याकडे बघितलं. मग मी तिला शनवार तेली सांगितले, घाणा सांगितला, डोळ्याला झापड बांधून फिरणारा बैल सांगितला, उखळात फिरणारी लाट सांगितली, मागे उरणारी पेंड सांगितली. खरं सांगायचं तर मी आयुष्यात चालता घाणा बघितलेला नाही. आमच्या घरात तीन पिढ्या कुणी घाणा धरलेला नाही. पणजोबांनी गाव सोडलं, आजोबा रेल्वेत, वडील पोस्टात. पेणजवळच्या आमच्या गावात आंब्याखाली घाण्याचं दगडी उखळ तेवढं उरलं होतं, त्यात कोंबड्यांना पाणी ठेवत. ते मी पाहिलंय. एवढ्या भांडवलावर मी तेलीण झाले. पण तिने तेव्हा ‘तुमच्याकडे हनुका होता का?’ असं विचारलं नाही, यासाठी मला ती जन्मभर आवडली. हा प्रश्न इथे मला बऱ्याच वेळा ऐकावा लागलाय, कधी साध्या कुतूहलाने, कधी भुवई वर करून. साठच्या दशकात इथल्या धर्मपीठाने आमच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली होती. आमची माणसं यरुशलेमला धरणं धरून बसली, तेव्हा 1964 मध्ये सरकारने आम्ही सर्व बाबतींत ज्यू आहोत असं जाहीर केलं. मी त्यानंतर सोळा वर्षांनी आले. तरी भुवई काही पुरती खाली आलेली नव्हती.

तर तेल. मी तीन किलो ऑलिव्ह आणली आणि खोबऱ्यासारखी उन्हात घातली. तेल काढायचं म्हणजे आधी वाळवायचं, एवढं प्रत्येक कोकण्याला कळतं. ओलं खोबरं काय घाण्यात घालतात? दोन दिवसांत फळं सुरकुतली. तिसऱ्या दिवशी पोरांना दगड दिले. त्यांनी चेचली. पोरं चेचण्याचं काम किती मन लावून करतात हे ज्याने बघितलं नाही त्याने बालवाडी बघितली नाही. बिया उडाल्या, भिंतीवर जांभळे शिंतोडे उडाले, एकाचं बोट चेपलं. मग तो चिखल फडक्यात बांधून मी पिळला. काळपट पाणी निघालं, तेही थोडंसं. पोरं वाकून बघत होती. तेल कुठंय? मी परत पिळला. एक मुलगी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, याच्यात नाहीच आहे. मक्काबींना पण असंच झालं असेल.

त्या संध्याकाळी मी भाजीवाल्याकडे गेले. लोद हे ज्यू आणि अरब दोघांचं शहर आहे. एके काळी ते तेलासाठी आणि ऑलिव्हच्या साबणासाठी नावाजलेलं होतं. भाजीवाला अरब, तेव्हा पन्नाशीचा असेल, मला ‘हिंदिया’ म्हणायचा. मी त्याला सगळी कर्मकहाणी सांगितली. वाळवली हे ऐकल्यावर तो इतका हसला की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मग म्हणाला, अगं, हे बी नाही, फळ आहे. तेल बीत थोडं, गरात जास्त, आणि गरात पाण्याबरोबर मिसळलेलं. चेचून भागत नाही, मळावं लागतं. चपातीच्या कणकेसारखं, पण जास्त वेळ. अर्धा तास, पाऊण तास. तेलाचे बारीक थेंब एकमेकांना शोधत असतात, त्यांना वेळ द्यायचा. आणि फार गार असलं तर ते येत नाहीत. गरमही नको, कोमट.

घरी येऊन मी विचार करत बसले. तेलीण म्हणवून घ्यायची हौस आणि पहिला धडा भाजीवाल्याकडून. पण त्या ‘कोमट’ शब्दाशी माझं मन अडकलं होतं. डिसेंबरातल्या सकाळी, गॅस लावायची परवानगी नसलेल्या बालवाडीत, कोमट काय असतं? पोरांचे हात.

दुसऱ्या आठवड्यात परत तीन किलो. या वेळी ताजी, अर्धी हिरवी अर्धी जांभळी. भाजीवाल्याने निवडून दिली, सूरी जातीची. दिसायला लहान, पण तेल जास्त. पोरांनी चेचली. मग मोठ्या परातीत तो लगदा घालून चार-चार जणांना भोवती बसवलं आणि मळायला लावलं. सुरुवातीला किंचाळ्या. शी, गार, चिकट, शेणासारखं. दोन पोरं उठून गेली ती परत आलीच नाहीत. कुणाला हाताला लागलेलं सहन होत नाही, त्यांना जबरदस्ती करू नये, त्यांना मी बिया मोजायला दिल्या. बाकीची मळत राहिली. दहा मिनिटांनी बोलणं कमी झालं. वीस मिनिटांनी लगदा बदलला. तो चकाकायला लागला, बोटांना सोडायला लागला, आणि त्याचा वास पालटला. कच्च्या गवताचा होता, तो एकदम तेलाचा झाला. पोरांना ते माझ्या आधी कळलं. एका मुलाने दोन्ही तळवे उजेडाकडे धरले आणि म्हणाला, माझे हात ओले नाहीत, गुळगुळीत आहेत. मी त्याचे तळवे चोळून बघितले. खरंच होतं.

पिळायला मी घरून पंचा आणला होता, ठाण्याहून आणलेला, धुऊन धुऊन मऊ झालेला. त्यात लगद्याची पोटली बांधली, खालच्या पसरट पातेल्यात पाटा ठेवावा तशी एक फळी ठेवली, त्यावर पोटली, वर दुसरी फळी. सगळं भंगाराच्या कोपऱ्यातलं. दाबायला वजन हवं. टायर ठेवला, पुरेना. विटा ठेवल्या, कलंडल्या. तेव्हा तीच कंबरेवर हात ठेवणारी मुलगी फळीवर जाऊन बसली. मग दुसरी बसली. मग तिघं. पाच पोरं त्या फळीवर एकमेकांना धरून, पाय वर उचलून, श्वास रोखून बसली आणि पंच्यातून काळपट रस पातेल्यात गळायला लागला. घाण्याला लाट लागते. माझी लाट पाच पोरांची होती आणि ती सारखी हसत होती, त्यामुळे मधेच हलकी व्हायची.

निघालेला रस उंच काचेच्या बरणीत ओतला. काळं पाणी. पोरांची तोंडं परत पडली. मी म्हटलं, उद्या बघू. उद्या हा चार वर्षांच्या पोराला सांगायचा सगळ्यात वाईट शब्द. दोघं बरणीसमोर खुर्च्या घेऊन बसली आणि जेवणाची वेळ होईपर्यंत उठली नाहीत.

सकाळी साडेसातला मी कुलूप काढलं तेव्हा बरणीत दोन थर होते. खाली गढूळ, वर हिरवट पिवळं, बोटभर. मी हात लावला नाही. पोरं यायला लागली, एकेक करून बरणीपाशी थांबली. पाणी खाली झोपलंय, कुणीतरी म्हणालं. तेल पोहतंय, दुसरं म्हणालं. गन्नेनेतने त्या दिवशीचा पाठ बाजूला ठेवला. चमच्याने अलगद तेल काढून गाळलं तर जेमतेम अर्धा पेला भरला. कारखान्यात पाच किलो फळांचं लिटरभर निघतं म्हणतात. त्या मानाने आमचा घाणा फारच गळका. पण त्या अर्ध्या पेल्याभोवती बत्तीस पोरं ज्या शांततेने उभी होती, तशी शांतता मी मशिदीतही क्वचित ऐकली आहे.

दिव्याचं काम माझं होतं, त्यात मला कुणी शिकवायला नको. आईकडे शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा काचेच्या पेल्यात लागायचा: खाली पाणी, वर खोबरेल, तारेच्या कड्यात वात. कापसाची वात तळहातावर वळायला मी पोरांना बसवलं. त्यांच्या वाती सुरवंटांसारख्या झाल्या, जाड, केसाळ, मधे गाठ. या वेळी मी एकही परत वळली नाही. ज्या सुरवंटाने तेल ओढलं तो जळला, ज्याने नाही ओढलं तो विझला, आणि विझणारा का विझला यावर जी चर्चा झाली ती गन्नेनेतच्या मोठ्या गोष्टीपेक्षा चांगली होती.

मोठी गोष्ट अर्थात सांगावी लागतेच. तिच्या लढाईच्या भागाबद्दल माझं मत फारसं बरं नाही. मक्काबींची गोष्ट झाली की आठवडाभर पुठ्ठ्याच्या ढाली आणि तलवारी, आणि ग्रीक व्हायला कुणी तयार नसतं, म्हणून सगळ्यात लहान पोराला ग्रीक करून बदडतात. तेलाचा भाग मात्र पोरांना भारूनच टाकतो. मंदिरात शुद्ध तेलाची एकच छोटी कुपी सापडली, एका दिवसापुरती, आणि ती आठ दिवस जळली. मक्काबींच्या जुन्या ग्रंथांत हा चमत्कार नाहीच. तो पुढे तालमूदमध्ये येतो. आणि सोळाव्या शतकात योसेफ कारो या मोठ्या पंडिताने त्यावर एक प्रश्न विचारला होता, जो इथे शाळाशाळांतून अजून घोळवतात: पहिल्या दिवसाचं तेल तर होतंच, मग चमत्कार सातच दिवसांचा, सण आठ दिवसांचा का? याची उत्तरं शेकड्यांनी दिली गेली आहेत.

आमच्या गन्नेनेतने ही कुपीची गोष्ट सांगितली तेव्हा पोरांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. एरवी पोरं गोष्टीतलं तेल मुकाट्याने मान्य करतात. गोष्टीत काय, मासाही बोलतो. पण या पोरांनी स्वतः मळलं होतं. अर्धा पेला म्हणजे किती हे त्यांच्या दंडांना माहीत होतं. संपायलाच हवं होतं, एक मुलगा ठामपणे म्हणाला. आमचं तर संपेल. मग कसं नाही संपलं? कुणी म्हणालं, वात बारीक केली असेल. कुणी म्हणालं, रात्री फुंकून ठेवत असतील. आणि एक चिमुरडा, जो कधी फारसा बोलत नसे, म्हणाला, रात्री सायात येऊन भरून जात असेल.

गन्नेनेत हसली, मीही हसले. पण पोराचं काय चुकलं? त्याच्या जगात जे जे संपतं आणि सकाळी परत भरलेलं असतं, रंग, कागद, पाण्याचा जग, साबण, ते सगळं मीच भरत होते.

त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं, बाई बदलल्या तरी, नोव्हेंबर आला की मी तीन किलो सूरी आणायचे. आईबापांच्या तक्रारी यायच्या. नखांतला जांभळा रंग आठवडाभर जात नाही, शुक्रवारच्या पांढऱ्या सदऱ्यावर डाग पडतात. एका बाईला वाटलं हा भारतातला काही विधी आहे. मी म्हटलं, हो, मळण्याचा. सुफगानियोत, म्हणजे जॅम भरलेले तळलेले गोळे, आम्ही विकत आणायचो. गरम तेल पोरांजवळ नको. बटाट्याच्या लविवोतसाठी पोरं किसायची, त्यात कुणाचं तरी बोट सोलायचंच. भोवरे, म्हणजे सविवोन, फिरवायचे. ते सगळ्याच बालवाड्यांत होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2021 च्या मे महिन्यात लोदमध्ये ज्यू आणि अरबांच्या दंगली झाल्या. गाड्या जळल्या, माणसं गेली. शहरातल्या शेजाऱ्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघणं सोडलं. मीही काही महिने भाजीवाल्याच्या गल्लीत गेले नाही. कारण विचाराल तर धड सांगता येणार नाही. भीती होती, लाजही होती. नोव्हेंबरात सुपरमार्केटमध्ये ऑलिव्ह घ्यायला गेले, तर ती सगळी बरणीतली, खारवलेली. शेवटी भाजीवाल्याकडेच गेले. तो म्हातारा झाला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही, आत गेला आणि एक पिशवी घेऊन आला. वजन केलं. तीन किलो. पैसे मोजताना म्हणाला, वाळवू नकोस.

तोच माझा शेवटचा हनुका. सणाच्या दिवसांत गानला बहुतेक सुट्टीच असते, म्हणून आम्ही आमचा दिवा आधीच्या दिवसांत लावायचो, रोज सकाळी पोरं गोल करून बसली की दहा मिनिटं, आठ दिवस. त्या वर्षी तेल कमी निघालं होतं. सहाव्या दिवशी मी लवकर आले, पेला बघितला, तळाशी पाण्यावर नुसता चकचकीत थर. खिडकीबाहेर पाऊस. मी कपाटातली दुकानातली बाटली काढली, झाकण फिरवलं आणि पेल्यावर धरली.

मागे दार वाजलं. एक मुलगी, दोन वेण्यांची, ओला रेनकोट तसाच अंगावर. बापाने कामावर जाताना लवकर सोडली असणार. ती दारात उभी राहून माझ्या हातातल्या बाटलीकडे बघत होती, मग पेल्याकडे, मग माझ्याकडे. मी काहीतरी बोलणार होते. ती आत आली, दार लावून घेतलं, पाय उंचावून पेल्यात डोकावली.

“थोडंच ओत,” ती म्हणाली. “नाहीतर त्यांना कळेल.”